कोल्हापुरात खायला जाताय? आधी घड्याळ बघा

कोल्हापूरला खास खायला म्हणून जाणारी माणसं एक चूक हमखास करतात, दुपारी पोचतात. पुण्यातनं आरामात साडेआठला निघायचं, साताऱ्याच्या अलीकडं नाष्टा, वाटेत दोनदा गाडी थांबवायची आणि दीड वाजता गावात शिरून विचारायचं, मिसळ कुठं मिळंल? मिसळ संपली ओ. भांडी घासून पालथी पडलीत आणि मालक जेवायला घरी गेलाय. मग ही मंडळी हायवेला कुठंतरी लालभडक मटण थाळी खातात, रात्रभर जळजळ करून घेतात आणि परत येऊन सगळ्यांना सांगत सुटतात की कोल्हापूरचं जेवण म्हणजे नुसता जाळ.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. लग्न करून पुण्यात आलो त्याला चौदा वर्षं झाली. हो, आलो. कोल्हापूरच्या बायका मी आलो, मी जेवलो असंच बोलतात, त्यामुळं पुढं वाचताना अडखळू नका. तर ऑफिसातलं कुणी कोल्हापूरला निघालं की माझ्याकडं लिस्ट मागतं, बेस्ट तांबडा-पांढरा कुठला, बेस्ट मिसळ कुठली. नावं काय हो, मोबाईलवर पण सापडतात. आमच्याकडं कुठं खायचं याच्या आधी किती वाजता खायचं हे बघावं लागतं. मिसळ सकाळची, रस्सा दुपारचा, भेळ दिवस कलल्यावरची, दूध दिवेलागणीचं. या क्रमानं गेलात तर दोन दिवसांत सगळं आरामात बसतं, नाहीतर पहिल्याच थाळीत आडवे.

पोचायचं कसं आणि राहायचं कुठं हे पटकन सांगतो. मुंबईवाल्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेस सोन्यासारखी आहे, रात्री झोपायचं आणि सकाळी मिसळीच्या वेळेला उतरायचं. पुण्याहून साधारण २३० किलोमीटर आहे, पहाटे चारला निघा, नाहीतर आदल्या रात्रीच येऊन झोपा. स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक दोन्ही शाहूपुरीत जवळजवळ आहेत, तिथं लॉज ढिगानं. पण जमलं तर अंबाबाईच्या देवळाच्या आसपास राहा. बिंदू चौक, भवानी मंडप, महाद्वार रोड, मिरजकर तिकटी, खासबाग हे सगळं तिथनं चालत होतं आणि खाल्लेलं जिरवायला चालण्याशिवाय दुसरा उपाय नाही. गाडी पार्क करा आणि विसरा. जुन्या गावात गाडी घालाल तर अर्धा दिवस रिव्हर्स घेण्यात जाईल.

पत्ता विचारायच्या आधी दोन-तीन शब्द माहीत असू द्या. तिकटी म्हणजे जिथं तीन रस्ते मिळतात ती जागा. वेस म्हणजे जुन्या गावाची वेस, आता दरवाजा नाही पण नाव राहिलंय, गंगावेस वगैरे. तालीम म्हणजे नुसती कुस्तीची तालीम नव्हे, ती त्या गल्लीची ओळख पण असते, पत्ता सांगताना अमुक तालमीच्या मागं असंच सांगतात. आणि रिक्षावाल्या मामांना सरळ विचारा, मामा तुम्ही स्वतः कुठं खाता? टुरिस्टला सांगायचं नाव वेगळं असतं आणि स्वतः खायची जागा वेगळी. दुसरं उत्तर मिळेपर्यंत विषय सोडू नका.

आता मिसळ

सकाळी आठ ते दहा ही वेळ धरा. रविवारी अजून लवकर, कारण रविवारी अख्खं गावच बाहेर पडतंय. फडतरे, चोरगे, बावडा, आहार ही नावं तुम्हाला कुणीही सांगेल आणि यातली एक नंबर कुठली यावरनं घरात भांडणं होतात. आमचे बाबा एका जागचे आणि काका दुसऱ्या, आणि दोघं सख्खे भाऊ असून गेली तीस वर्षं एकमेकाच्या मिसळीला मिसळ म्हणत नाहीत. मी यात पडत नाही. नव्या माणसाला मात्र मी आधी उद्यमनगरात फडतऱ्यांकडं पाठवतो, कारण तिथलं वातावरण बघण्यासारखं आहे, आजूबाजूला लेथ मशीनची वर्कशॉपं, लोखंडाचा वास, आणि मधेच ही रांग.

ताट आल्यावर पहिला धक्का बसेल तो पाव नसल्याचा. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेड असतो, स्लाइसचा. पुण्या-मुंबईची माणसं ओरडतात, पाव द्या म्हणून. आधी ब्रेड खाऊन तर बघा, रस्सा शोषायला स्पंजासारखा चालतो, पाव बुडवला की त्याचा मधला गोळा होतो तसं ह्याचं होत नाही. खाली मटकीची उसळ, बहुतेक ठिकाणी बटाट्याची भाजी, त्यावर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, आणि बाजूला वाटीत किंवा छोट्या बादलीत कट. कट म्हणजे तो लाल रस्सा, वर तवंग असलेला. सगळा कट एकदम ओतू नका ही सगळ्यात महत्त्वाची सूचना. थोडा ओता, चार घास खा, मग अजून थोडा. एकदम ओतला की शेवेचा चिखल होतो आणि तिखट पण एकदम चढतं.

तिखट सोसत नसलं तर ऑर्डर देतानाच सांगा, लाजायचं काय त्यात. दही मागा. आणि जीभ पेटली की घटाघटा पाणी पिऊ नका, मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळतच नाही, तो दुधा-दह्यात, तुपात विरघळतो, पाण्यानं नुसता तोंडभर पसरतो. दोघांत एक प्लेट घेतली तरी कुणी नाव ठेवत नाही, उलट दुपारची जागा राहते. कट मात्र परत मागायचा. बहुतेक ठिकाणी तो देतात, आणि मागितला की वाढणाऱ्याला बरं वाटतं हे मी स्वतः बघितलंय.

मिसळीनंतर दोन-तीन तास पोटाला सुट्टी. अंबाबाईचं दर्शन घ्या, भवानी मंडपात टेका. चहा पाहिजेच असेल तर भाऊसिंगजी रोडनं चालत जाताना कुठंही प्या, आणि पिताना एक गोष्ट आठवा. गंगाराम कांबळे नावाचा एक माणूस राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी होता. तो त्या वेळच्या अस्पृश्य जातीतला, वरच्या जातीच्या हौदाला शिवला म्हणून त्याला मारलं. महाराजांनी त्याला पैसे देऊन याच रस्त्यावर चहाचं दुकान टाकून दिलं. दुकान निघालं पण त्याच्या हातचा चहा पिणार कोण? तर महाराज स्वतः आपली घोडागाडी त्याच्या दुकानापुढं थांबवायचे, त्याच्या हातचा चहा प्यायचे आणि गाडीत बरोबर असलेल्या वरच्या जातीच्या मंडळींना पण पाजायचे. राजाच पितोय म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना. खाऊगल्ल्यांचे एवढे व्हिडिओ निघतात कोल्हापूरचे, पण या दुकानाबद्दल कुणी बोलत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं.

तांबडा, पांढरा आणि मधला सगळा गोंधळ

दुपारी साडेबाराला जेवायला बसा. दीडनंतर चांगल्या ठिकाणी नंबर लावावा लागतो आणि सुकं संपत येतं. पद्मा, ओपल, देहाती, परख ही जुनी-नवी नावं सगळ्यांना माहीत आहेत, तिथं जाऊन फसायला होत नाही. पण एक तरी जेवण घरगुती खानावळीत करा. गल्लीत बोर्ड असतो, आत चार-सहा टेबलं, स्वयंपाक वहिनी करतात आणि वाढायला पोरगा किंवा सासरे. तिथं आदल्या दिवशी किंवा सकाळी फोन करून किती माणसं ते सांगून ठेवायचं, कारण तेवढंच मटण आणतात. आयत्या वेळी सातजण गेलात तर वहिनी परत पाठवणार आणि त्यांचं बरोबर आहे. वारांचं पण बघा. बुधवार-रविवारी मटणाचा जोर, श्रावणात निम्मं गाव खात नाही, आणि नवरात्रात गर्दी देवीला असते, तेव्हा नुसतं खायला म्हणून येऊच नका.

थाळीत काय असतं तर तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, कुठं खिम्याची वाटी, कुठं अंडं, भाकरी नाहीतर चपाती, कांदा-लिंबू, शेवटी भात. दोन्ही रस्से बहुतेक ठिकाणी पाहिजे तेवढे वाढतात. सुरुवात पांढऱ्यानं करा. भाकरी कुस्करू नका, भात कालवू नका, वाटी उचला आणि सूप पितात तसा गरम गरम भुरका. आवाज आला तरी चालतंय. दोन वाट्या झाल्या की मग तांबड्याकडं वळा.

पांढरा रस्सा म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथंच होते. मटण शिजवताना जे पाणी सुटतं ते अळणी. त्या अळणीत नारळाचं दूध, आणि खसखस, तीळ, काजू असं पांढरं वाटण, वरनं दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी यांची फोडणी. हळद नाही, लाल तिखट नाही. तिखटपणा आहे पण तो मिरीचा आणि आल्याचा, घशात उबदार लागतो. नारळाचं दूध घातल्यावर खळाखळा उकळला तर फुटतो, म्हणून चांगली बाई शेगडीजवळनं हलत नाही. खरा असेल तर पातळ असतो, ओठाला थोडा चिकटतो, वर बारीक तवंग दिसतो. दाट, पांढराशुभ्र, पिठूळ लागला तर समजा कॉर्नफ्लॉवर घातलंय. मागच्या वर्षी हायवेवरच्या एका चकाचक हॉटेलात मला चक्क गोडसर पांढरा रस्सा मिळाला, दूध आणि साखर होती बहुतेक त्यात, वेटरला विचारलं तर म्हणतो मॅडम कस्टमर को ऐसाच पसंद है. बिल देऊन गप उठलो. नवरा अजून मला चिडवतो, खीर खाऊन आलीस म्हणून.

तांबड्याचा जीव चटणीत. आमच्याकडं चटणी म्हणजे ओली हिरवी चटणी नाही, चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळा लागला की घरोघरी मिरच्या वाळत पडतात, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला आणि वासाला, मग तेलात परतलेला कांदा, खोबरं, तीळ, धणे, गरम मसाले, लसूण आणि सगळं डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, कुटून आणायचं. डंकापुढच्या रांगेत शिंका देत दोन-दोन तास उभं राहायचं काम लहानपणी आमच्याकडं. प्रत्येक घराची चटणी वेगळी, म्हणून प्रत्येक खानावळीचा तांबडा वेगळा. आता हे वाचल्यावर तुम्हाला कळंल की देशभर हॉटेलात व्हेज कोल्हापुरी म्हणून जे मिळतं, टोमॅटोच्या ग्रेव्हीत मूठभर लाल तिखट, त्याचा आमच्याशी काही संबंध नाही. कोल्हापुरात ते कुणाच्या घरी होत नाही. तांबडा चांगला असला तर आधी खोबऱ्या-तिळाची गोडी लागते, मग मसाला, तिखट सगळ्यात शेवटी येतं. पहिल्याच घोटाला नुसता ठसका बसला तर चटणी चांगली नाही म्हणून मिरची ओतलीय, दुसरं काय.

हिंमत असेल तर रक्ती-मुंडी विचारा. रक्ती म्हणजे बकऱ्याचं रक्त, शिजवून कांद्याबरोबर परतलेलं, मुंडी म्हणजे डोकं. सगळीकडं नसतं, सकाळीच चौकशी करावी लागते. मला रक्ती आवडते, नवऱ्याला नाव काढलं तरी कसंतरी होतं, तुमचं तुम्ही ठरवा.

शाकाहारी मंडळी म्हणतात आमचं काय. तुमचं भलंच आहे. अख्खा मसूर मागा, हा आमच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यातला पदार्थ, सालीसकट मसूर मसाल्यात शिजवलेला, वर कांदा-कोथिंबीर, बरोबर गरम रोटी. ढाब्यावर सगळ्यात चांगला मिळतो. किंवा झुणका-भाकरी, खर्डा, दही. खर्डा म्हणजे हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, मीठ, तव्यावर भाजून भरड ठेचलेलं. तोंडी लावायला घ्या, भाजीसारखा खाऊ नका.

जेवण झालं की झोपा. खरंच झोपा. निम्म्या दुकानांची शटरं दुपारी अर्धी खाली असतात, गाव पण झोपतंय.

पाचनंतरचं गाव वेगळं

संध्याकाळी खासबागेकडं या. खासबाग हे कुस्तीचं मैदान, शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ मध्ये तयार झालं, युरोपात बघितलेल्या रोमच्या कलोसियमवरनं कल्पना घेतली असं सांगतात. मधे हौदा, म्हणजे मातीचा आखाडा, आणि भोवती उतरती बैठक, त्यामुळं शेवटच्या माणसाला पण पैलवानाची पकड दिसते. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह, जे ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. ती बातमी आली त्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर कुणी झोपलं नव्हतं, आईनं तर लग्नाआधी बघितलेली सगळी नाटकं मोजून दाखवली.

याच भागात खाऊगल्ली आणि राजाभाऊंची भेळ. भेळ कशी खायची यात शिकवण्यासारखं काही नाही, फक्त ओली की सुकी ते आधी ठरवा आणि हातात आल्याआल्या खा. पाच मिनिटं फोटो काढत बसलात तर चिरमुरे मऊ पडले. मी ओली घेतो आणि वरनं सुके चिरमुरे मागतो, ते देतात. इथं पोटभर खायचं नाही हे लक्षात ठेवा, कारण अजून तीन गोष्टी बाकी आहेत.

पहिली, लोणी डोसा. महाराष्ट्रात डोशाचं काय कौतुक असं म्हणाल, पण कर्नाटकची हद्द इथनं तासाभरावर आहे, बेळगाव-निपाणीशी सोयरिकी आहेत, आणि दावणगिरी लोणी डोसा इथं गाड्यागाड्यावर मिळतो. छोटा, जाडसर, जाळीदार, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा, बरोबर बटाट्याची भाजी आणि पांढरी चटणी. दोघांत एक.

दुसरी, गंगावेशीचा दूधकट्टा. दिवेलागणीला जा. म्हशी तिथंच आणून बांधतात, समोर धार काढतात आणि फेसाळ दूध तसंच ग्लासात हातात येतं, धारोष्ण, अंगाच्या उबेचं. पैलवानांचं गाव आहे, तालमीत जोर-बैठका मारून आलेली पोरं इथं ग्लासावर ग्लास रिकामे करतात. बाहेरच्या माणसाला हे दूध एवढं दाट लागतं की पहिल्यांदा तो ग्लासात वाकून बघतो. पण खरं बोलायचं तर हे कच्चं दूध आहे, न तापवलेलं. लहान पोरं, गरोदर बायका, म्हातारी माणसं, आणि ज्यांचं पोट आधीच नाजूक आहे त्यांनी नुसतं बघावं. किटली असली तर विकत घ्या, लॉजवाल्याकडनं उकळून घ्या, साय बघून खूश व्हाल. आणि दुपारी मटण आणि संध्याकाळी कच्चं दूध असला प्रयोग पहिल्याच दिवशी नको, दूध दुसऱ्या दिवसाला ठेवा. याच पैलवानी खुराकातली थंडाई पण गावात मिळते, बदाम, खसखस, मिरी, बडीशेप वाटून दुधात. उन्हाळ्यात आलात तर दुपारी कडक उन्हात एक ग्लास मारा, पण त्यावर लगेच जेवायला बसू नका, ती एकटीच जेवणाएवढी आहे.

तिसरी, कॉकटेल. दचकू नका. कोल्हापुरात कॉकटेल म्हणजे आईस्क्रीम, ग्लासात फळांचे तुकडे, जेली, सुकामेवा, वर आईस्क्रीम, खाली पण आईस्क्रीम. सोळंकी आणि इम्पीरियल ही नावं लहानपणापासनं ऐकत आलोय, परीक्षेत पास झालं की कॉकटेल, पाहुणे आले की कॉकटेल. माझी पुण्याची सासू पहिल्यांदा माझ्या माहेरी आली तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, चला विहीणबाई, तुम्हाला कॉकटेल पाजतो, आणि त्यांचा चेहरा जो काय झाला होता. रात्री दहापर्यंत गर्दी असते, घाई करू नका. आधी रंकाळ्यावर एक चक्कर मारून या, मग जागा होते.

रंकाळ्याच्या चौपाटीवर पण खायला आहे, पण मी तिथं फिरायला जातो, खायला नाही. गाड्या निवडायची माझी पद्धत साधी आहे. शेजारच्या कॉलेजची पोरं कुठं उभी आहेत ते बघा, तेल काळं झालंय का बघा, आणि वडा आधी तळून ठेवलाय की समोर कढईत पडतोय ते बघा. समोर पडत असला तर कटवडा घ्या, म्हणजे वडा आणि वरनं मिसळीचा कट. पाण्याची बाटली स्वतःची. बर्फ घातलेलं काहीही गाडीवर नको.

गोडाचं खरं सांगू का

कोल्हापूर गोडाचं गाव नाही, गुळाचं गाव आहे. मिठाईची दुकानं आहेत, महाद्वार रोडला पेढे चांगले मिळतात, पण एवढ्यासाठी कुणी येऊ नये. अपवाद दोनच दिवसांचा. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी. या दोन दिवशी कोल्हापुरात जिलेबी खातात, सगळे खातात, झेंडावंदन करून पोरं शाळेतनं येतात तोपर्यंत बाबा जिलेबीचा पुडा घेऊन हजर. माळकर तिकटीला तर गर्दी असतेच, पण चौकाचौकात मांडव घालून कढया लावतात, मंडळं लावतात, हॉटेलवाले लावतात. बाहेरगावी गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की बाकीच्या सगळ्याच गावात या दिवशी एवढी जिलेबी नसते. सुट्टी मिळत असली तर मुद्दाम या दिवशी या, सकाळी नऊच्या आत घ्या, गरम आणि कुरकुरीत असतानाच. दुपारी रांग कमी असते पण जिलेबी पाकात मऊ पडलेली असते.

बाकी गोड खायचं तर दुसऱ्या दिवशी नरसोबाच्या वाडीला जा, साधारण पन्नास किलोमीटरवर. दत्ताचं दर्शन घ्या आणि बासुंदी खा, कवठाची बर्फी घ्या. कवठाची बर्फी आंबटगोड लागते, पहिल्या तुकड्याला काहीजण तोंड वाकडं करतात आणि मग अर्धा किलो बांधून घेतात.

आणि दिवाळी ते मार्च या दिवसांत आलात तर गुऱ्हाळ चुकवू नका. पन्हाळ्याच्या बाजूला, कागलच्या बाजूला उसाच्या पट्ट्यात धूर दिसला की गाडी वळवा. आधी विचारायचं, दादा बघू का, नाही कुणी म्हणत नाही. मोठ्या काहिलीत रस उकळत असतो, चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडं जळतात, रस साफ करायला जंगली भेंडीचं पाणी घालतात आणि वर आलेली मळी काढून टाकतात. सगळं त्या गुळव्यावर, तो नुसत्या बुडबुड्यांवरनं आणि बोटावर घेऊन सांगतो की आता उतरवा. थोडं आधी काढलं तर काकवी, अजून आटलं की वाफ्यात ओतून गूळ. गरम काकवी उसाच्या तुकड्यावर घेऊन खायची, जीभ भाजते, तरी थांबवत नाही. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, म्हणून बाजारात कोल्हापुरी म्हणून काहीही खपवतात. पिवळाधमक, चकचकीत गूळ बघून भुलू नका, केमिकलची पावडर घालून केलेला असायची शक्यता जास्त, साधा गूळ तपकिरी आणि थोडा मळकटच दिसतो. गुऱ्हाळावरनंच घेतलात तर डोळ्यासमोर झालेला तरी असतो.

पन्हाळा आणि जोतिबा एकाच दिवशी होतात. पन्हाळा वीस किलोमीटरवर. गडावर मावश्या झुणका, भाकरी, खर्डा, दही घेऊन बसलेल्या असतात. भाकरी तुमच्यासमोर थापतात का ते बघा, डब्यातली गार काढून देत असतील तर पुढच्या मावशीकडं जा, वाईट वाटून घेऊ नका. ढगात बसून गरम भाकरी आणि दही, पावसाळ्यात याच्यापुढं तांबडा-पांढरा पण मला फिका वाटतो, हे कोल्हापुरात मोठ्यानं बोलायची सोय नाही.

घरी काय न्यायचं? चटणी, घरगुती, ओळखीनं मिळाली तर उत्तम, नाहीतर खानावळीच्या वहिनींनाच विचारा, बऱ्याचजणी किलोवर विकतात. भडंग घ्या, चिरमुऱ्यांचा, लसूण-शेंगदाणे आणि चटणी लावलेला, पंधरा दिवस टिकतो म्हणतात, आमच्याकडं दोन दिवसांच्या वर कधी टिकला नाही. आजरा घनसाळ तांदूळ दिसला तर दोन किलो उचला, शिजताना शेजारच्या घरात वास जातो. पांढऱ्या रस्स्याचं पार्सल मात्र नेऊ नका, पुण्यापर्यंत फुटतो आणि मग तुम्ही कोल्हापूरला नावं ठेवता.

आणि चटणीची पिशवी कपड्यांच्या बॅगेत कोंबू नका. तेल असतं तिच्यात, दोन पिशव्यांतनं पण बाहेर येतं. वेगळा स्टीलचा डबा आणा घरनं. माझ्या लग्नातल्या पांढऱ्या ओढणीला तो केशरी डाग पडला तो अजून आहे, नऊ वर्षं झाली.